रुईच्या पानाचा रंग

घराला रंग देण्याचा विचार बहुधा गणपती, दिवाळी किंवा घरातले एखादे लग्नकार्य यांच्या निमित्ताने निघतो, आणि वेळ थोडा असल्यामुळे निर्णयही घाईनेच होतो. दुकानदार शेडकार्ड पुढे ठेवतो, त्यातील नखाएवढ्या चौकटीवर कोणीतरी बोट टेकवतो, आणि त्या नखाएवढ्या रंगाच्या सहवासात पुढची सहासात वर्षे सबंध कुटुंबाला काढावी लागतात. जे कुटुंब लुगडे घेताना ते दुकानाच्या दाराशी नेऊन उजेडात उलगडून पाहते, तेच कुटुंब भिंतीच्या बाबतीत दुकानदाराच्या शब्दावर विसंबते. वास्तविक लुगडे मनास आले नाही तर ते पेटीत ठेवून देता येते. भिंत पेटीत ठेवता येत नाही.

घरातील भिंतींसाठी आजकाल वारंवार सुचविला जाणारा एक रंग आहे. तो धड हिरवा नव्हे, धड राखीही नव्हे. दुकानांतून त्याला सेज नावाच्या विलायती वनस्पतीवरून नाव दिलेले आढळते. परंतु तो ओळखण्यासाठी इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. शनिवारी मारुतीच्या गळ्यात पडणाऱ्या माळेतील रुईचे पान ज्याने पाहिले आहे, त्याला हा रंग ठाऊक आहे. हिरव्या पानावर कोणी चिमूटभर राख फुंकावी तशी त्या पानावर एक पांढुरकी साय असते. पोपटी किंवा हिरवागार म्हणावा असा तो रंग नाही. तो डोळ्यांना आपल्याकडे ओढून घेत नाही आणि त्यांना दूरही लोटत नाही. भिंतीचा रंग म्हणून त्याची जी योग्यता आहे ती याच गुणात आहे. मात्र याच गुणामुळे तो निवडण्यास सर्वांत अवघडही आहे.

हे अवघडपण समजण्यासाठी रंगाचे तीन धर्म लक्षात घ्यावे लागतात. बॉस्टन येथील कलाशिक्षक अल्बर्ट मन्सेल यांनी १९०५ साली रंगांची जी मोजणी मांडली, तीत प्रत्येक रंग तीन मापांनी सांगितला जातो: तो कोणत्या जातीचा, म्हणजे हिरवा की तांबडा की निळा, तो किती उजळ, आणि तो किती भरदार. रुईच्या पानाचा रंग जातीने हिरवा आहे, उजळपणाने मध्यम किंवा त्याहून थोडा वर आहे, आणि भरदारपणाने अगदी अल्प आहे. भरदारपणा अल्प असल्यामुळे त्याची जात टिकून राहण्यास फारसे बळ उरत नाही. खोलीत निळसर प्रकाश आला की तो निळसर राखी होतो, पिवळा दिवा लागला की मेहंदीकडे झुकतो, आणि शेजारी तांबडी वस्तू आली की एकाएकी चांगला हिरवा दिसू लागतो. भडक रंग कोठेही गेला तरी आपली भाषा सोडत नाही. सौम्य रंग ज्या घरी जातो त्या घरची भाषा बोलू लागतो.

हिरव्या रंगाचे डोळ्यांशी असलेले सख्य ही केवळ कवींची कल्पना नाही. दिवसाच्या उजेडात मानवी डोळा पिवळट हिरव्या प्रकाशाला सर्वांत अधिक प्रतिसाद देतो. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथील शस्त्रवैद्य हॅरी शर्मन यांनी १९१४ साली शस्त्रक्रियेच्या दालनाला पालकाच्या भाजीसारखा हिरवा रंग दिला, तो याच विचाराने. पांढऱ्या शुभ्र भिंतींवरून येणारी चमक आणि डोळ्यांसमोरील रक्ताचा तांबडा रंग यांमुळे दृष्टीला शीण येत असे. तांबड्याकडे फार वेळ पाहून नजर पांढऱ्यावर गेली की तेथे हिरवट डाग तरंगू लागतात. भिंतच हिरवी असली की ते डाग तिच्यात विरून जातात. तथापि रुग्णालयासाठी जे योग्य ते घरालाही योग्यच, असे म्हणता येणार नाही. पुढे कचेऱ्यांतून आणि दवाखान्यांतून हा हिरवा इतका पसरला की कित्येकांना त्यात औषधांचा वास येऊ लागला. घरातील हिरव्यात राखेचा अंश अधिक आणि उबेचा अंश थोडा तरी असावा लागतो, तो यासाठीच.

या रंगाचा एक अतिशय जुना आणि जवळचा नमुना अजिंठ्याच्या लेण्यांत आहे. तेथील चित्रकारांनी वापरलेला हिरवा हा हिरव्या मातीचा, म्हणजे ज्वालामुखीच्या खडकांतून मिळणाऱ्या खनिजाचा रंग होय. दख्खनच्या काळ्या दगडातील पोकळ्यांत असे हिरवट खनिज आजही सापडते. निळ्या रंगासाठी लागणारा लाजवर्द दूरदेशाहून आणावा लागला, पण पिवळी माती, गेरू आणि ही हिरवी माती त्यांना भूमीतच लाभली. अजिंठा पूर्वी हैदराबाद संस्थानात मोडत असे, आणि संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी १९३० पासून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांतून ही चित्रे जगापुढे आली. त्या चित्रांतील हिरवा कोठेही ओरडत नाही. तो मागे राहतो, आणि त्याच्या पुढे माणसांचे सावळे, तांबूस, गोरे वर्ण जिवंत होतात. मागची भिंत कशी असावी याचा हा धडा आहे.

हिरव्या रंगाच्या इतिहासाला एक काळी बाजूही आहे, आणि ती केवळ इतिहास म्हणून सोडून देण्यासारखी नाही. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ कार्ल शेले यांनी १७७५ साली तांबे आणि सोमल यांच्या संयोगातून एक तेजस्वी हिरवा तयार केला. १८१४ मध्ये जर्मनीतील श्वाइनफुर्ट येथे त्याहूनही झगझगीत असा दुसरा निघाला. युरोपातील दिवाणखान्यांच्या भिंतींवर हे सोमलयुक्त हिरवे कागद चिकटवले गेले. त्यांची धूळ श्वासावाटे पोटात जाई. शिवाय ओलसर भिंतीवरची बुरशी त्या सोमलापासून लसणासारखा दर्प असलेला वायू निर्माण करते, हे इटलीतील बार्तोलोमेओ गोसियो यांनी १८९०च्या दशकात दाखवून दिले. सौंदर्यासाठी घरात आणलेला रंग घरातल्या माणसांच्या जिवावर उठू शकतो, हे जगाला तेव्हा कळले.

सोमल गेला, पण शिसे पुष्कळ काळ राहिले. दारे, खिडक्या, गज आणि कठडे यांना लावायच्या जुन्या तैलरंगांत पिवळा आणि हिरवा हे दोन रंग शिशाच्या क्षारांपासून करण्याची प्रथा होती. शिशाचा पिवळा आणि प्रशियन निळा मिसळला की टिकाऊ हिरवा मिळत असे. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये, असा नियम २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून तो अमलात आला. याचा अर्थ असा की, त्यापूर्वी रंगवलेल्या दाराच्या थरांत शिसे असण्याचा संभव धरूनच चालले पाहिजे. इंदूर-ग्वाल्हेरकडील वाड्यांची, बडोद्याच्या जुन्या घरांची किंवा गोव्यातील पडव्यांची दारे पिढ्यान्‌पिढ्या एकावर एक रंग चढवून घेत आलेली आहेत. रंगारी ती कोरड्या पॉलिश पेपरने घासू लागला की जी भुकटी उडते ती जमिनीवर, पाळण्यात आणि पाण्याच्या भांड्यावर बसते. रांगणारे मूल हात तोंडात घालते, आणि त्याच्या वाढत्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो. शरीरात शिशाचे अमुक प्रमाण निर्धोक आहे, असे सांगण्याइतका आधार वैद्यकशास्त्राला सापडलेला नाही.

म्हणून नवा रंग निवडण्याआधी जुन्या रंगाची व्यवस्था लावावी. जो थर घट्ट बसलेला आहे तो उगीच खरवडू नये. त्यावरच नवा हात द्यावा. जेथे पोपडे सुटले आहेत तेथे पाणी मारून, ओले ठेवूनच घासावे. आगीच्या ज्वाळेने जुना रंग जाळून काढण्याची पद्धत सर्वथा टाकून द्यावी. जमिनीवर जाड प्लास्टिक अंथरावे, केर झाडूने न उडवता ओल्या फडक्याने टिपून घ्यावा, आणि काम पुरे होईपर्यंत लहान मुलांना व गरोदर स्त्रियांना त्या खोल्यांपासून दूर ठेवावे. मुलांना आजोळी पाठवण्याला याहून चांगले निमित्त मिळणार नाही. नव्या डब्यावर शिशाबाबतचा मजकूर आहे की नाही, हेही दुकानातच पाहून घ्यावे. मोजमापाच्या सुट्या रंगावर तो मजकूर नसतो, हे ध्यानात असू द्यावे.

एवढी काळजी घेतल्यावर मूळ प्रश्नाकडे वळावे. पहिला विचार प्रकाशाचा. उत्तरेच्या खिडकीतून ऊन येत नाही, आभाळाचा उजेड येतो, आणि तो निळसर असतो. अशा खोलीत राखट हिरवा अधिकच राखट होतो आणि थंड वाटतो. म्हणून तेथे पिवळ्या मातीचा अंश असलेली छटा घ्यावी. पश्चिमेच्या खोलीत सायंकाळी पिवळेजर्द ऊन येते. तेथे पिवळट छटा चिखलासारखी दिसू लागते, म्हणून थोडी निळसर छटा बरी. प्रदेशाचाही विचार हवा. ग्वाल्हेरच्या वैशाखात बाहेरच्या लखलखाटातून घरात पाऊल टाकणाऱ्याला हा रंग सावलीसारखा वाटतो. बेळगाव किंवा गोव्याकडे मात्र पावसाळ्यात आभाळ आठवडेच्या आठवडे भरून राहते, खिडकीबाहेर सगळेच हिरवे असते, आणि त्या हिरव्याचे प्रतिबिंब आत येते. तेथे हाच रंग थोडा जरी गडद झाला तरी भिंतीवर शेवाळ चढल्याचा भास होतो. अशा ठिकाणी दोन पायऱ्या उजळ छटा निवडणे शहाणपणाचे.

दुसरा विचार जमिनीचा. पॅरिसच्या गोबेलँ विणकामशाळेचे रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्ह्रल यांनी १८३९ साली दोन शेजारी रंग एकमेकांस कसे बदलतात याचे सविस्तर विवेचन प्रसिद्ध केले. धाग्याच्या रंगाबद्दल तक्रारी येत. तपासाअंती दोष धाग्याचा नसून शेजारच्या रंगाचा निघे. घरातही हेच घडते. तांबड्या कोब्याची जमीन किंवा जांभ्याची उघडी भिंत असेल तर शेजारचा राखट हिरवा प्रत्यक्षात असतो त्याहून हिरवा दिसतो. तेव्हा छटा मुद्दाम अधिक राखट घ्यावी. इंदूर-बडोद्याकडे सर्रास आढळणारी कोटा फरशी स्वतःच हिरवट राखी असते. तिच्यावर तशीच भिंत उभी केली तर खोली एका रंगात बुडून जाते. तेथे भिंत फरशीहून बरीच उजळ ठेवावी. हैदराबादकडील घरांत शहाबादी फरशी असते. तिच्या निळसर राखीबरोबर हा रंग सहज नांदतो, परंतु दोहोंमध्ये सागवानी लाकडाची, पितळेची किंवा तांब्याची ऊब असावी लागते. छताला नीळ घातलेली निळसर सफेदी न देता किंचित दुधी पांढरा द्यावा, म्हणजे भिंत आजारी दिसत नाही.

तिसरा विचार दिव्यांचा. कुटुंब एकत्र बसते ते बहुधा दिवेलागणीनंतर. म्हणजे रंग दुकानाच्या दारात पाहून उपयोगाचे नाही, तो घरच्या दिव्याखाली पाहिला पाहिजे. पूर्वीच्या तारेच्या दिव्याचा प्रकाश पिवळा असे. आज एलईडी दिवे पिवळसर, मध्यम आणि पांढरेशुभ्र अशा तिन्ही जातींत मिळतात, आणि खोक्यावर त्यांचे माप अंकांनी दिलेले असते: २७०० ते ३००० पिवळसर, ४००० मध्यम, ६५०० निळसर पांढरा. त्याखेरीज रंग कितपत यथार्थ दिसतात हे सांगणारा आणखी एक अंक असतो; तो ८० असल्यास चालतो, ९० असल्यास उत्तम. कमी प्रतीच्या दिव्याखाली हा रंग मेल्यासारखा दिसतो आणि दोष मात्र रंगाऱ्याच्या माथी येतो. पुष्कळदा भिंत पुन्हा रंगवण्याऐवजी दिवा बदलणे पुरते.

चौथा विचार घरातील वडीलधाऱ्यांचा, आणि तो सहसा कोणी करीत नाही. साठीच्या माणसाच्या नेत्रपटलापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने सुमारे एकतृतीयांशच प्रकाश पोचतो. वयपरत्वे डोळ्यातील भिंग पिवळे होत जाते आणि सौम्य रंगांतील भेद पुसट होतात. तरुण सुनेला जी भिंत शांत वाटते ती सासूबाईंना अंधारी वाटते, आणि यात दोघींपैकी कोणाचाही हट्ट नसतो. चांगला पांढरा रंग अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी शेकडा ऐंशीहून अधिक परत देतो. फिकट राखट हिरवा शेकडा साठांच्या आसपास, तर मध्यम गडद छटा तीसचाळीसच. वृद्धांच्या खोलीत, जिन्यात आणि न्हाणीघराच्या वाटेवर साठांच्या खाली जाऊ नये. दाराची चौकट, बटणांची पट्टी आणि पायरीची कड भिंतीहून स्पष्ट वेगळ्या रंगाची असावी, म्हणजे रात्री उठणाऱ्याचा हात आणि पाय चुकत नाही. काही पुरुषांना जन्मतःच तांबड्या-हिरव्यातील भेद नीट कळत नाही. त्यांना हा रंग राखी किंवा भुरकट दिसतो. तेव्हा ‘यात हिरवे कोठे आहे?’ असे कोणी विचारले तर त्याची थट्टा करू नये.

आता निवडीची रीत. शेडकार्डावरून जवळजवळच्या तीन छटा ठरवाव्यात आणि प्रत्येकीचा लहान डबा आणावा. जुन्या रंगाच्या भिंतीवरच पट्टे ओढले तर जुना रंग नव्याला बिघडवून दाखवतो. म्हणून दोन फूट लांबीरुंदीचे जाड पुठ्ठे घेऊन त्यांवर दोन हात द्यावेत आणि कडेने बोटभर पांढरी पट्टी राखावी. ते पूर्ण वाळू द्यावेत. इमल्शन ओले असताना फिकट दिसते आणि वाळल्यावर गडद होते. चुन्याचे नेमके उलट, तो ओला असताना गडद आणि वाळल्यावर फिकट. हे पुठ्ठे खिडकीसमोर, कोपऱ्यात आणि दिव्याखाली आळीपाळीने ठेवून चारपाच दिवस सकाळी, दुपारी व रात्री पाहावेत. खोलीच्या चारही भिंती एका रंगाच्या झाल्या की त्या एकमेकींवर प्रकाश टाकतात आणि रंग अधिक भरदार होतो. म्हणून पुठ्ठ्यावर जी छटा अगदी योग्य वाटेल तिच्याहून एक पायरी उजळ आणि राखट छटा घ्यावी.

द्रव्याचा विचारही याच वेळी करावा. जुन्या वाड्यांच्या भिंती चुन्याच्या असतात. त्या ओल शोषतात आणि बाहेर सोडतात. त्यांवर प्लास्टिकसारखा पापुद्रा धरणारा रंग चढवला की ओल आत कोंडते आणि दोन पावसाळ्यांत पोपडे सुटतात. अशा भिंतीला चुनाच मानवतो, आणि चुन्यात टिकणारे रंग म्हणजे मातीचे. पिवळ्या मातीत थोडी काजळी मिसळली की डोळ्यांना हिरवट भासणारा एक राखट रंग तयार होतो. त्यात निळा मुळीच नसतो. प्रशियन निळा मात्र चुन्यात घालू नये, तो चुन्याच्या खारटपणाने तपकिरी पडतो. सिमेंटच्या गिलाव्यावर इमल्शन चालते. पण नवा गिलावा निदान चार आठवडे पाणी खाऊन मग पूर्ण सुकलेला असावा. ओल कोठून येते हे शोधल्यावाचून दिलेला कोणताही रंग हा पैशाचा अपव्ययच होय.

खर्चाचा अंदाज साधा आहे. दहा फूट रुंद, बारा फूट लांब आणि दहा फूट उंच खोलीच्या भिंती ४४० चौरस फूट भरतात. दारे-खिडक्यांचे ५० वजा केले तर ३९० उरतात. दोन हातांसाठी एका लिटरला सुमारे १३० चौरस फूट धरले तर तीन लिटर लागतात. चार लिटरांचा एक डबा घेतला तर उरलेला रंग पुढे डाग झाकण्यास कामी येतो. सबंध घरासाठी लागणारा रंग एकाच वेळी घ्यावा आणि डबे मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घ्यावेत; कारण या छटेत एखाद्या थेंबाचा फरकही भिंतीच्या मध्यावर उघडा पडतो. डब्यावरील क्रमांक घरखर्चाच्या वहीत लिहून ठेवावा.

हा रंग सर्वच खोल्यांना द्यावा असे नाही. निजण्याची, वाचनाची आणि बैठकीची खोली त्याला योग्य. जेवणघरात मात्र हिरव्या भिंतीवरून परतणारा उजेड पानातील वरणभाताला फिका करतो, आणि आरशासमोर उभ्या राहिलेल्या माणसाचा चेहराही उतरलेला दिसतो; तेथे उबदार दुधी पांढरा बरा. देवघराचे म्हणाल तर समईच्या उजेडात हा रंग मागे सरतो आणि पितळी देव्हारा पुढे येतो, म्हणून तेथे तो शोभतो.

भिंत ही घरातील सर्वांत मोठी वस्तू असली तरी घर तिच्यासाठी बांधलेले नसते. तिच्यापुढे बसणारी माणसे, त्यांची पुस्तके, भांडी, तसबिरी आणि त्यांचे चेहरे चांगले दिसावेत, म्हाताऱ्या डोळ्यांना वाट दिसावी आणि रांगत्या मुलाच्या हाताला विष लागू नये, इतके तिने साधले म्हणजे रंगाची निवड योग्य झाली असे समजावे. रुईच्या पानाचा रंग हे काम चांगले करू शकतो. त्यासाठी चार पुठ्ठे, पाच दिवस आणि थोडा धीर एवढेच भांडवल लागते, आणि हा धीर दुकानात मिळत नाही, तो घरातून नेऊनच दुकानाची पायरी चढावी लागते.